आत्याचा चिखल आणि आईचा घट

पृथ्वीवर आजपर्यंत जे काय वाईट झालंय ते सगळं कुणीतरी खाली बसलेला गाळ हलवल्यामुळे झालंय, असं छातीठोकपणे सांगणारी बाई जगात एकच आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. ती चहात साखर घालते आणि हलवत नाही. तुमच्याही कपात चमचा फिरला की तिच्या कपाळाला आठी पडते. आमटीच्या पातेल्यात आईनं पळी घातली की हॉलमधून आवाज येतो, "शोभा, ढवळतीयस का गं?" आई म्हणती, "न्हाई वन्सं, नुसतं बघायले." आणि मग माझी आई, जी आमच्या गल्लीत कुणाच्या बापाला भीत नाही, ती पळी अशी हळूच बाहेर काढती, जशी काय चोरी करताना सापडलीय. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धक्का बसला होता. नंतर मला धक्क्यांची सवय झाली. म्हणजे मला तसं वाटलं. खरा धक्का पुढे नवरात्रात होता.

आता मुद्दा असाय की सोलापूरला समुद्र नाही. हे तुम्हाला माहीतय, मला माहीतय, आत्यालाही माहीत असावं. पण आत्याची सगळी नोकरी कोकणच्या किनाऱ्यावर, समुद्रावर अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत गेली. लोक समुद्रावर सूर्यास्त बघायला जातात, मासे खायला जातात. आत्या चिखल काढायला जायची. बोटीतून खाडीच्या तोंडाशी जायचं, लांब पाईप सरळ खाली सोडायचा, तळाच्या चिखलात घुसवायचा आणि जसाच्या तसा वर ओढायचा. पाईपात चिखल थरावर थर उभा. वरचा थर यंदाचा, खालचा मागचा, त्याच्या खालचा आजोबा-पणजोबांच्या वेळचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ नव्हता, भरती-ओहोटी सांभाळायची होती." रिटायर झाली आणि सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. बाबा टेम्पो उतरवून घ्यायला गेले. एक सूटकेस, एक छत्री आणि तीन पाईप चिखल. बाबा टॉवेल-चादरीच्या दुकानात सेल्समन आहेत, माणसाला कधी नाही म्हणत नाहीत. तरी ते म्हणाले, "आक्का, बाकीचं सामान मागनं यायलंय का?" आत्या म्हणाली, "हेच सामान."

हा चिखल एवढा काय मोलाचा, ते तिनं मला पहिल्याच आठवड्यात चहाच्या कपावर शिकवलं. नद्या पालापाचोळा आणतात, समुद्रात मेलेलं सगळं खाली पडतं, त्यावर गाळ बसतो, त्यावर आणखी गाळ. जो कार्बन धूर होऊन हवेत गेला असता तो तिथं गुपचूप झोपून राहतो. शेकडो वर्षं. हवा लागत नाही, कुणी खात नाही, कुजत नाही. "आणि मग?" मी विचारलं. आत्यानं माझ्या हातातला चमचा माझ्याच कपात घालून गरागरा फिरवला. "मग मासेमारीची जाळी तळ खरवडत येतात, तळ उपसणारे ड्रेजर येतात, आणि झोपलेलं सगळं उठतं. उठलं की जंतू खातात, हवेत जातं, ऊन वाढतं." बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "सोलापुरात आणखी वाढायला जागा कुठाय आक्का?" आत्यानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काय बाबांनीच समुद्रात जाळं ओढलंय.

तिचा आवाज तुम्हाला ऐकवायला पाहिजे होता. आयुष्यभर बोटीच्या इंजिनावरून ओरडून ओरडून तिचा गळा असा झालाय, की खडीच्या ट्रकला बोलता आलं असतं तर असंच बोलला असता. कुजबुजली तरी कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला कळतं. एकदा एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो, आजोबा गेले होते त्यांचे. सगळे मान खाली घालून गप्प. आत्या आईच्या कानात म्हणाली, "चेहरा किती शांत होता गं, नाही?" आणि आतल्या खोलीतली तान्ही पोरगी दचकून रडायला लागली. मी कॉलेजच्या गॅदरिंगला नकला करतो. आमच्या प्राचार्यांची करतो, बसच्या कंडक्टरची करतो, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रॅक्टरची करतो. पण आत्या आल्यावर माझं करिअरच बदललं. "ए, हलवू नकोस!" एवढं म्हटलं की पोरं बाकावरून खाली पडायची. आई मात्र चिडायची. "मोठ्या माणसाची नक्कल करतोस? जीभ झडंल!" आणि आत्यानं एकदा दारात उभं राहून सगळं ऐकलं. मी गार. ती म्हणाली, "घशातनं काढतोयस. पोटातनं काढ." आणि निघून गेली.

त्यात ती हुशार किती, तर भीती वाटावी इतकी. आमच्या घरात धुण्याची बादली मोठी, आठवडाभराचे कपडे त्यात पडतात. एका शनिवारी आत्या बादलीजवळ उभी राहिली, नुसतं बघत. मग मला हाक मारली. "तू मंगळवारी कॉलेजला गेला नाहीस." मी म्हटलं, "गेलो की!" ती म्हणाली, "हा सोमवारचा टॉवेल. हा तुझ्या बापाचा बुधवारचा शर्ट. दोन्हीच्या मधी तुझं काहीच नाही. मंगळवार गायब आहे." बाबा बघायलेत, आई बघायलीय. मी आख्खा मंगळवार विजापूर रोडवर पिक्चरला घालवला होता आणि शर्टाला थिएटरचा वास लागला म्हणून तो गादीखाली कोंबला होता. दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज जाऊन बादलीत हात घालून कपडे वर-खाली करून ठेवायला लागलो. आत्यानं एकाच नजरेत ओळखलं. "कोण फिरलंय हितं? किडा!" तेव्हापासून माझं नाव किडा. समुद्राच्या तळाला म्हणे असेच किडे असतात, बोटभर लांब, रात्रंदिवस चिखल उकरतात, वरचं खाली, खालचं वर, सगळ्या थरांचा बट्ट्याबोळ. "आमच्या कामाचे वाटोळे करणारे प्राणी," आत्या म्हणायची, आणि माझ्या डोक्यावर टपली मारायची.

पण हे सगळं किरकोळ. तिची एक सवय होती ती बघून आमच्या मोहोळच्या काकांनी, म्हणजे बाबांच्या शेतकरी मित्रांनी, हातातला पेढा खाली ठेवला होता. आत्या माती खायची. खायची म्हणजे गिळायची नाही, चिमूटभर पुढच्या दातांत धरून कुरकुर करून बघायची. गुळगुळीत लागली तर एक प्रकारची, कुरकुरली तर दुसऱ्या प्रकारची. यंत्र मागून सांगतं, दात आधी सांगतात, असं तिचं म्हणणं. कुणाच्याही अंगणात गेली, तळ्याच्या काठावर गेली, की वाकून चिमूट उचलून तोंडात. काका त्यांच्या रानाचं कौतुक सांगत होते, बुटाला लागलेला मातीचा गोळा पायरीवर पडला होता. आत्यानं त्यातलं थोडं उचललं, दातात धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "चांगली आहे. पाणी धरणारी." काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरा, तुज्या आत्याला कॅल्शियम कमी हाय का रं? गोळ्या आणू का?"

आणि फ्रीज! पाईप उभे ठेवायला पाहिजेत, थंड ठेवायला पाहिजेत, आडवे केले तर थर ढासळतात. घरातल्या फ्रीजमधी उभा पाईप मावंना. आत्यानं एक बंद पडलेलं कोल्ड्रिंकचं दुकान गाठलं आणि काचेच्या दाराचा उभा फ्रीज विकत आणून आमच्या हॉलमधी ठेवला. वरती लाल पट्टी, आत ट्यूबलाईट, आणि ट्यूबलाईटच्या उजेडात तीन पाईप चिखल. एप्रिल-मे मधलं सोलापूर तुम्ही बघितलंय ना? डांबराला चप्पल चिकटते. अशा उन्हातून माणूस आमच्या घरात येतो, समोर तो फ्रीज बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी आशा फुलते ती मला बघवायची नाही. कुरिअरवाला म्हणायचा, "एक मँगो द्या ना." लाईट गेली की मग तर कहर. आत्या घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी काढायची, आईच्या लग्नातल्या जाड जोडीसकट, आणि फ्रीजला गुंडाळायची. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. माणसं घामानं निथळायलीत आणि फ्रीज चादर पांघरून बसलाय. शेजारच्या वदिना, म्हणजे आमच्या शेजारच्या तेलुगू विणकर घरातल्या थोरल्या बाई, त्यांना सगळी गल्लीच वदिना म्हणती, त्या दारात येऊन कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो शोभा, त्याला थंडी वाजलाय काय?"

तीन पाईपांत मधला पाईप म्हणजे देव. दुसऱ्या पाईपांना हात लावलेला आत्याला चालायचा, मधल्याकडे बघितलेलंही चालायचं नाही. कारण तो ज्या खाडीतून काढला होता ती खाडीच आता राहिली नव्हती. तिथं नंतर बंदराचं काम झालं, ड्रेजरनं सगळा तळ उपसून नेला. परत तिथं पाईप सोडायचा म्हटलं तरी खाली जुनं काही नाही. "पृथ्वीवर त्या जागेचं जे काय उरलंय ते तुमच्या हॉलमधी आहे," आत्या सांगायची. दसऱ्यानंतर तिची एक जुनी विद्यार्थिनी बर्फाची पेटी घेऊन तो न्यायला येणार होती. ती पोरगी तो थराथरानं कापून, किती कार्बन किती खोल टिकला ते मोजणार होती. आत्याचं आयुष्यभराचं म्हणणं खरं की खोटं, ते त्या एका पाईपात होतं. येईल-जाईल त्याला आत्या एकच वाक्य ऐकवायची, "ही माती कुणाच्या पायाखाली आलेली नाही. हिला कुणाचा हात लागलेला नाही. हिच्यावर कुणी थुंकलेलं नाही. एवढी स्वच्छ माती सोलापूर जिल्ह्यात तुम्हाला सापडणार नाही."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. माझ्या आईनं ठेवलं होतं.

आमच्याकडे घट बसतात. घटाला काळी माती लागती, आणि ती कुठलीही चालत नाही. पायाखालची नको, गटाराजवळची नको, जिथं चपला फिरल्या ती नको. दरवर्षी मोहोळचे काका स्वच्छ पिशवीत माती भरून पाठवतात. यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन. "वैनी, रानात पाय ठिवाय येत न्हाय वो. पाऊस लई झालाय. गुडघाभर चिखुल हाय, जनावरांनी समदी शिवारं तुडवून काढल्याती. उद्या न्हाय जमायचं, परवा-तेरवा बघतो." आई दिवसभर बेचैन. बाजारात माती विकायला होती, पण ती टोपलीवाली चपला घालून त्याच ढिगावर बसली होती, आईनं स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखी तळ्यावर फिरायला गेली. तिथं पायडलच्या होड्या चालवणाऱ्यांना "तळ ढवळू नका" म्हणून ओरडणं हा तिचा व्यायाम. बाबा दुकानात. मी झोपलेलो. आणि आई हॉलमधी फ्रीजसमोर उभी राहिली.

पुढचं मला आईनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुठल्या स्टेजवर कधी जमायचं नाही. तिनं मधलाच पाईप का घेतला? कारण त्याच्याबद्दलच आत्या सारखं सांगायची. देवीला द्यायचं तर घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं. आधी पाईपाला हळदकुंकू लावलं. मग वरचं-खालचं झाकण काढलं आणि लाटण्यानं खालून ढकलत ढकलत वरून माती काढली. घटापुरती काढली, म्हणजे जवळजवळ अर्धा पाईप. गोळे फोडले, हातानं मोकळी केली, शेणखत मिसळलं. जास्त झालेली परत पाईपात घातली आणि सांडू नये म्हणून अंगठ्यानं चांगली दाबून बसवली. झाकणं लावली, पाईप ओल्या फडक्यानं पुसला, दुसऱ्या दोन पाईपांच्या मागं उभा ठेवला. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, मधे घट, घटात पाणी. हात जोडले. तिला वाटलं संध्याकाळी वन्संना सांगू, त्यांना बरं वाटेल. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी राहून गेलं.

मग सांगायची सोय राहिली नाही, कारण घट उगवंना. दोन दिवसांनी वदिनांच्या पलीकडच्या घरात पांढरे मोड वर आलेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत हिरवं. आमच्याकडे काळं. आई सकाळी माळ बांधायला वाकायची आणि तशीच वाकून राहायची. पाणी घालायची, पुटपुटायची. मी विनोद करायला गेलो, "आई, आपलं धान्य आळशीय, माझ्यावर गेलंय." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यातून टपकन पाणी पडलं. मला कळंना कुठं बघावं. माझी आई! जिनं रिक्षावाल्याची कॉलर धरलीय! "घट उगवला नाही तर घराला चांगलं नसतं रे," एवढंच म्हणाली. आणि त्यात भर म्हणून वास. देवघराच्या कोपऱ्यातून नासक्या अंड्याचा वास यायला लागला. उदबत्त्यांवर उदबत्त्या. वदिना त्यांच्या फुलांच्या सणाचं, बतुकम्माचं, आमंत्रण द्यायला आल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "उंदीर मेलाय की काय, आई गं!" बाबांनी कपाट हलवून बघितलं. उंदीर नव्हता.

त्याच वेळी आत्या तळ्यावरून आली. दारातच थांबली. नाक वर केलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला, जसा परगावी अचानक आपल्या गावचा माणूस भेटल्यावर येतो. "हा," आत्या म्हणाली, "हा माझा वास आहे."

वदिनांनी तिच्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं. आत्या वासाच्या मागे मागे निघाली. देवघरात ती कधी जायची नाही, बाहेरूनच हात जोडायची. त्या दिवशी सरळ आत. घटापुढे बसली. कडेची चिमूटभर माती उचलली आणि देवीसमोर, वदिनांसमोर, दातात धरली. वदिना "रामा!" म्हणून भिंतीला टेकल्या. कुरकुर. आत्यानं डोळे मिटलेले. मग ती उठून फ्रीजपाशी गेली, मधला पाईप उजेडात धरला. वरच्या अर्ध्या भागात आईच्या अंगठ्याचे ठसे. आणि काचेसारख्या पाईपाला चिकटलेलं जरासं कुंकू.

मला वाटलं आता आत्या ओरडणार आणि शेजाऱ्यांच्या काचा फुटणार. आई पुढे आली. डोळ्याला पदर. "वन्सं, तुमीच म्हणायच्या की, कुणाच्या पायाखाली न आलेली… मला वाटलं, देवीला याहून चांगली कुठली…" आत्या पाईपाकडे बघत होती. बोटानं पाईपावरून खाली खाली मोजत आली. "खालचं शाबूत आहे," म्हणाली. खरंच हळू. खडीच्या ट्रकचा आवाज नव्हता तो. "जुनं सगळं खाली आहे. वरचं गेलं. वरचं म्हणजे मी तिथं होते ती वर्षं." मग घटाकडे बोट दाखवून म्हणाली, "माझी नोकरी आहे त्या पत्रावळीवर."

बाबा म्हणाले, "आक्का, काढून घे सगळं. आत्ता काढ. आम्ही दुसरी माती आणतो." आत्यानं पत्रावळीला हात घातला. आणि आई, जी आत्तापर्यंत रडत होती, ती ओरडली, "वन्सं! घट हलवायचा नसतो!"

आत्याचा हात तिथंच थांबला.

एवढी वर्षं जगाला जे ती सांगत आली, ते पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगितलं होतं. "नसतो?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "बसवला की दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही." आत्या खाली बसली. बराच वेळ आईकडे बघत होती, जशी काय माझी आई एखादा नवीन सापडलेला थर आहे. मग म्हणाली, "किड्या, चहाचा चमचा आण. छोटा."

पुढं जे झालं ते बघायला तिकीट लावायला पाहिजे होतं. आत्यानं घट जागचा न हलवता, त्याच्या भोवतीचा खारा चिखल चमच्या-चमच्यानं काढायला सुरुवात केली. घटाच्या बुडाखालचं तसंच ठेवलं, नुसती भोवतीची गोल कड काढली. घटातलं पाणी थरथरलंसुद्धा नाही. तिच्या हाताला समुद्रातल्या हलत्या बोटीवर न हलता काम करायची सवय, इथं तर जमीन स्थिर. "हा समुद्राचा चिखल गं शोभा, मिठानं भरलेला. यात धान्य उगवत नाही, त्यात देवीचा काय दोष?" आई म्हणाली, "पण तुमचं काम गेलं वन्सं." आत्या चमच्याकडेच बघत म्हणाली, "माझं हललं ते हललं. तुझं हलू द्यायचं नाही." काढलेला चिखल तिनं शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत भरला. तेवढ्यात मोहोळचे काका खांद्यावर मातीची पिशवी घेऊन दारात हजर. आत्यानं चिमूट घेऊन दातात धरली. काका वदिनांना सांगायलेत, "त्यास्नी सवय हाय." मग काकांची माती घटाभोवती अशी बसवली, जसा सोनार दागिन्यात खडा बसवतो. गहू भिजवले, मोड आल्यावर पेरले.

दसऱ्याला आमचे तुरे उगवले. सगळ्या गल्लीचे वीतभर, आमचे बोटाच्या पेराएवढे. बाबांनी टोपीत खोवले, तर ते टोपीत बुडाले, दिसंनातच. आईनं एक तुरा आत्याच्या कानामागं लावला, आत्यानं लावू दिला. हा पण एक धक्काच. संध्याकाळी माती तळ्यात सोडायला आम्ही गेलो, तर आत्यानं पत्रावळ आईच्या हातातून घेतली. काठाशी वाकून, पाणी गढूळ होऊ नये म्हणून, घटाखालचा तो चिखल अगदी पाण्यालगत हळूहळू सोडला. कोकणातल्या खाडीची तेवढी वर्षं सोलापूरच्या तळ्यात बसली. पायडलच्या होडीतली दोन पोरं जवळ आली. मला वाटलं आता ओरडणार. ती पाण्याकडेच बघत राहिली. मीच ओरडलो, तिच्या आवाजात, "ए, हलवू नका रे!" पोरं दचकून वळली. आत्या हसली. "आता पोटातनं आला," म्हणाली.

विद्यार्थिनी आली बर्फाची पेटी घेऊन. एवढीशी पोरगी, बोलायची हळू. पाईप उजेडात धरला आणि चेहरा पडला. "मॅडम, वरचा सगळा भाग मिसळलाय. कशानं?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदराचं टोक दातात. आत्यानं न हलवलेल्या चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "स्थानिक जीव." पोरीनं वहीत लिहून घेतलं. मी हसू दाबायला बाथरूममधी पळालो. नंतर ऐकलं तर आत्या तिला समजावत होती, की मिसळणारे सगळेच वाईट नसतात. काही किडे वरचं अन्न आपल्या बिळातून खाली ओढून नेतात, हवेपासून लांब. तिथं ते जास्त दिवस टिकतं. आयुष्यभर मी त्यांच्यावर फार चिडले, म्हणाली.

पोरगी निघाली तेव्हा आत्याही निघाली. खालच्या अर्ध्याचं कापकाम तिच्या डोळ्यासमोर व्हायला पाहिजे होतं. महिन्यात येते म्हणाली. दिवाळीला आली, चार दिवस राहिली, परत गेली. तिथंच आहे आता, किनाऱ्यावर, एका खोलीत. फोन केला तर मागं इंजिन वाजत असतं आणि रेंज अर्ध्यात जाते. फ्रीज आमच्या हॉलमधीच आहे. त्यात काय आहे माहीतय? एक शेंगाचटणीची बरणी, काळ्या चिखलाची. वर कागद चिकटवलेला, आत्याच्या अक्षरात: 'शोभाची. हलवू नये.'

परवा भर दुपारी लाईट गेली. मी घामानं भिजून हॉलमधी आलो, तर आई लग्नातली जाड चादर फ्रीजला गुंडाळायलीय. एका बरणीसाठी! तिनं टोकं नीट खोचली, दोन कप चहा करून आणला, माझ्यासमोर बसली. चमचा कपात घातला. आणि थांबली.

"ऐक की रे," म्हणाली, "तिचा आवाज काढ की जरा."

मी पोटातून काढला. "शोभा, ढवळतीयस का गं?"

आईनं चमचा काढून बशीत ठेवला. "न्हाई वन्सं," म्हणाली, "नुसतं बघायले." आणि आम्ही दोघांनी तो चहा तसाच प्यायला, वरून फिका आणि शेवटी गोड.